नोंदवहीत नावं आहेत, आता आकडे लिहूया

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समित्या,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायती

विषय: लोक जैवविविधता नोंदवहीत दरवर्षी मोजणीची भर घालण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही, आहे. 2002 चा जैवविविधता कायदा आणि 2004 चे नियम यांनी ती तयार करण्याची जबाबदारी तुमच्या समितीवर टाकली. परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी अशा वहीचा आग्रह धरला तो गावातल्या जाणत्या माणसांचं ज्ञान गावानंच लिहून ठेवावं म्हणून. पुढे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली. ती चुकली तर राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील असंही बजावलं, आणि देशभर नोंदवह्यांच्या कामाची एकच धांदल उडाली. आपल्याकडच्या बऱ्याच वह्या त्या धांदलीतल्या आहेत.

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन खाड्या, सडे (जांभ्या खडकाची उघडी पठारं), देवराया मोजत फिरते. त्या निमित्तानं अशा काही वह्या पाहायला मिळाल्या. झाडं, वेली, पक्षी, मासे, रानभाज्या, भाताच्या जुन्या जाती अशी पानंच्या पानं भरलेली आहेत. काही गावांत तर म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून, घरोघर फिरून ही नावं गोळा केलेली दिसतात. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जवळपास प्रत्येक वहीत एक गोष्ट नाही. किती, कुठे, कधी पाहिलं आणि किती वेळ शोधलं, याची नोंदच नाही. शाळेच्या पटावर नावं आहेत आणि हजेरी कधी घेतलीच नाही, अशी ती वही आहे.

याचा तोटा काय ते सांगते. वहीत ‘धनेश’ लिहिलेला आहे. गावात धनेशाची एक जोडी आहे की दहा, हे त्यावरून कळत नाही. दहा जोड्यांची एक जोडी झाली तरी वहीतलं नाव तसंच राहणार. यादी बदलते ती शेवटची जोडी गेल्यावर, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. घट चालू असताना ती दिसायला हवी असेल, तर मोजणी हवी. तीही एकदा करून भागत नाही. त्याच जागी, त्याच हंगामात, त्याच रीतीनं ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

सड्यांपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त घाई तिथेच आहे. राजापूर, रत्नागिरी, देवगड, मालवण या पट्ट्यातले जांभ्याचे सडे सरकारी दफ्तरात बहुधा पडीक किंवा खडकाळ जमीन म्हणून नोंदलेले असतात. एप्रिलमध्ये सड्यावर उभं राहिलं तर ते खरंही वाटतं. काळा कातळ, करपलेलं गवत, कुठे वणव्याचा डाग. पण जूनच्या सरी पडल्या की दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. जगात फक्त पश्चिम किनाऱ्याच्या या पट्ट्यात उगवणारी ही वनस्पती. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, तेरडा, आभाळी, जमिनीवरची आमरी असा क्रम लागतो. ऑक्टोबरचं ऊन तापलं की पंधरा-वीस दिवसांत सगळं पिवळं पडतं. म्हणजे सड्याचं बहुतेक आयुष्य चार महिन्यांत उरकतं. आणि मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी मूळ स्थितीची माहिती घेतात ती बहुधा पावसाळा सोडून एका हंगामाची. जानेवारीत सडा पाहून ‘उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत’ असं कुणी लिहिलं तर ते त्या दिवसापुरतं खोटंही नसतं. त्याला उत्तर देण्यासाठी गावाकडे श्रावणातला आकडा हवा. जनसुनावणीत ‘आमचा सडा फुलांनी भरतो’ एवढं सांगितलं तर ते भावनेचं बोलणं म्हणून सोडून देतात. तारीख, जागा, पद्धत आणि संख्या लिहिलेलं पान तसं सोडून देता येत नाही.

तो आकडा काढायला मोठी यंत्रं लागत नाहीत. प्लंबिंगच्या पाइपचे चार तुकडे जोडून एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट करायची. आत दर दहा सेंटिमीटरवर आडवी-उभी सुतळी ओढली की शंभर घरं होतात. ही चौकट सड्यावर ठेवून गुडघ्यांवर बसलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की इथली वनस्पती उभ्यानं दिसतच नाही. दोन बोटं पाणी, त्याखाली नखभर माती, आणि त्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं इतकी दाट, की एक रोप कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळू नये. बाजूला दवबिंदूचं लालसर रोप असतं, त्याच्या चिकट केसांवर एखादं चिलट अडकून पडलेलं. इथे रोपं मोजायला गेलात तर दिवस संपेल आणि दोन माणसांचे आकडेही जुळणार नाहीत. म्हणून घरं मोजायची. समजा, शंभरापैकी 64 घरांत आसवं आहेत, 30 घरांत गेंद, 3 घरांत दवबिंदू. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी मोजलं तरी हा आकडा पहिल्याशी ताडून पाहता येतो.

चौकट कुठे ठेवायची, इथे सर्वांत जास्त गफलत होते. जिथे फुलं जास्त तिथे हात आपोआप वळतो. मग सडा आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या माणसानं दुसरी जागा निवडली की विनाकारण घट दिसते. तेव्हा जागा आधी, घरी बसून, नकाशावर चौकोन आखून चिठ्ठ्या टाकून ठरवा. सडा एकसारखा नसतो, हेही लक्षात ठेवा. साचलेल्या पाण्याची डबकी, पातळ मातीचा थर, माती साठलेल्या खाचा, उघडा कातळ, या प्रत्येकात वेगळी वस्ती असते, म्हणून प्रत्येक प्रकारात काही चौकटी पडायला हव्यात. किती चौकटी पुरेत ते सडाच सांगतो. पहिल्या चौकटीत आठ जाती मिळतात, दुसरीत चार नव्या, तिसरीत दोन. सलग चार-पाच चौकटींत नवं काहीच आलं नाही की त्या भागातलं बहुतेक हाती लागलं असं समजायला हरकत नाही. जागा पुन्हा सापडावी म्हणून कातळावर रंगाच्या खुणा मात्र अजिबात करू नका. याच सड्यांवरची कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि आपल्या पायाखालच्या गवताआड एखादं न सापडलेलं शिल्प असू शकतं. फोनमधला जीपीएस काही मीटरनी चुकतो, म्हणून दोन ठळक दगडांपासून टेपनं अंतर मोजून लिहिलं की पुरतं.

नुसत्या जातींच्या संख्येवर समाधान मानू नये, यालाही कारण आहे. दोन सडे घ्या. दोन्हींवर दहा-दहा जाती, दोन्हींवर शंभर-शंभर रोपं मोजली. पहिल्यावर प्रत्येक जातीची दहा रोपं आहेत. दुसऱ्यावर एकाच जातीची 91 आणि बाकी नऊ जातींचं एकेक. यादीत दोन्ही सारखेच दिसणार. आता डोळे मिटून दोन रोपं उचलली तर ती वेगवेगळ्या जातींची निघण्याची शक्यता पहिल्या सड्यावर जवळपास 91 टक्के आहे, दुसऱ्यावर फक्त 17 टक्के. 1949 साली संख्याशास्त्रज्ञ सिम्पसन यांनी मांडलेला निर्देशांक याच हिशेबावर उभा आहे, आणि तो आठवीतलं पोर करू शकतं. सड्याच्या कडेनं रानमोडी किंवा घाणेरी घुसते, कलमांच्या बागेसाठी बाहेरची माती आणून टाकली जाते, तेव्हा नेमकं हेच घडतं. जाती लगेच जात नाहीत. एक वाढते, बाकीच्या एकेका रोपावर येतात. यादी पाच-सात वर्षं काही बोलत नाही. टक्क्यांचा आकडा पहिल्या दुसऱ्या वर्षातच खाली येऊ लागतो.

आता कासवांकडे येते, कारण मोजणीच्या बाबतीत कोकणानं अभिमान बाळगावा असं हे काम आहे. 2002 पासून वेळासला आणि नंतर इतर किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली जातात. गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालतात, वाळूवरचा माग ओळखतात, अंडी कुंपणात हलवतात, पिल्लं सोडतात, आणि मुख्य म्हणजे हे सगळं लिहून ठेवतात. किती घरटी, किती अंडी, किती पिल्लं. या नोंदींमुळेच आज आपण कासवांबद्दल बोलताना अंदाजावर बोलत नाही.

तरीसुद्धा ही वही वाचताना दोन गोष्टींचं भान हवं. घरट्यांची संख्या म्हणजे कासविणींची संख्या नव्हे. एक मादी एका हंगामात एकापेक्षा जास्त वेळा वर येऊ शकते, आणि प्रत्येक मादी दरवर्षी येतेच असं नाही. कोणती मादी पुन्हा आली हे कळतं ते खुणेवरून. ओडिशात 2021 साली पंखाला बिल्ला लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. त्या बिल्ल्यावरचा क्रमांक वाचला नसता तर ती आपल्या वहीत फक्त आणखी एक घरटं होऊन राहिली असती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं एकमेकांशी जोडलेली आहेत, याचा असा पुरावा एका बिल्ल्यानं दिला.

दुसरी गोष्ट श्रमाची. एखाद्या वर्षी पाच किनारे चालले आणि पुढच्या वर्षी आठ, तर घरटी वाढणारच. कासवं वाढली की चालणारे वाढले, हे नुसत्या एकूण आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी शेजारच्या रकान्यात किती किनारे, किती किलोमीटर, किती पहाटे हे लिहिलेलं असावं लागतं. ज्या पहाटे काही मिळालं नाही ती पहाटही लिहावी लागते. समित्यांकडे माझं सर्वांत कळकळीचं मागणं हेच आहे: शून्य लिहा. ‘गेलो, दीड तास चाललो, काही दिसलं नाही’ ही पूर्ण नोंद आहे. आपल्याकडे न दिसलेलं कुणी लिहीत नाही, त्यामुळे वहीत फक्त भाग्याचे दिवस उरतात, आणि भाग्याच्या दिवसांवरून जंगल नेहमीच भरलेलं वाटतं.

पद्धत चुकली तर आकडा किती फसवू शकतो, हे राजस्थानातल्या सरिस्कानं देशाला दाखवलं. पायांच्या ठशांवरून केलेल्या गणनेत तिथे डझनाहून जास्त वाघ कागदावर होते. 2005 साली लक्षात आलं की एकही उरलेला नाही. त्यानंतर देशानं पद्धत बदलली. आता दर चार वर्षांनी कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात आणि जे वाघ कॅमेऱ्यापुढे आलेच नाहीत त्यांचाही गणितानं अंदाज बांधतात.

हे न दिसलेल्यांचं गणित गावातही करता येतं, आणि त्यासाठी एकाही प्राण्याला हात लावावा लागत नाही. आपल्या खाड्यांतला ऊद, म्हणजे पाणमांजर, घ्या. लाजरं जनावर, दिसलं तर पहाटे क्षणभर. पण खडकांवर, बांधांवर, कांदळांच्या कडेनं तो ठरावीक ठिकाणी विष्ठा टाकतो, आणि तिच्यातले खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे लांबून ओळखू येतात. दोन गट करा. एकाच ओहोटीत, एकाच काठानं, पण एकमेकांना न सांगता दोघांनी ही ठिकाणं शोधून नकाशावर मांडायची. समजा, पहिल्या गटाला 15 ठिकाणं मिळाली, दुसऱ्याला 12, आणि त्यांतली 6 दोघांनाही मिळालेली सारखीच आहेत. म्हणजे दुसऱ्या गटाच्या 12 पैकी निम्मीच पहिल्या गटाला दिसली होती. तेव्हा पहिला गट साधारण निम्मी ठिकाणं पाहतो, आणि त्याला 15 दिसली याचा अर्थ एकूण 30 च्या आसपास असावीत. दोघांनी मिळून पाहिली 21. नऊ कुणालाच दिसली नाहीत, तरी ती आहेत असं आपण आधारानं म्हणू शकतो. डेन्मार्कचे पीटरसन यांनी 19 व्या शतकाच्या अखेरीस खुणा केलेल्या माशांवरून हीच रीत पुढे आणली, आणि 1930 मध्ये अमेरिकेत लिंकन यांनी बदकांसाठी ती वापरली. अट एवढीच की दोन्ही गटांनी खरोखर स्वतंत्रपणे पाहावं आणि मधल्या काळात ठिकाणं बदलू नयेत. म्हणून तर एकच ओहोटी. मध्ये भरती येऊन गेली तर अर्धी विष्ठा धुऊन जाते आणि गणित कोसळतं.

यातून मिळते ती ठिकाणांची संख्या. ऊद किती, हे त्यावरून सांगू नका. चिखलातली बिळं मोजली म्हणजे खेकडे मोजले असं होत नाही, तसंच हे. पण तीच खाडी, तोच काठ, तीच रीत ठेवून वर्षानुवर्षं मोजलं तर ऊद कुठून हटतोय, कुठे नव्यानं दिसतोय हे कळतं, आणि गावाला तेवढं पुरेसं असतं.

मासळीबद्दल मी भीतभीत लिहिते, कारण तो विषय तुमच्यातल्या कित्येकांच्या पोटाचा आहे आणि त्यात माझ्यापेक्षा तुम्हाला अधिक कळतं. रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे, कित्येक वर्षं सांगताहेत की मासळी कमी झाली. माशांच्या थव्याला घेरून आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 साली राज्यानं बंधनं घातली, तरी ओरड थांबलेली नाही. पण बंदरावर उतरलेल्या एकूण मासळीचे आकडे पुढे करून कुणी म्हणालं की उत्पादन तर टिकून आहे, तर आपण गप्प बसतो. उत्तर त्याच आकड्यांच्या पोटात आहे. तेवढीच मासळी आणायला आज किती नौका जातात, किती लांब जातात, किती तास थांबतात? मेहनतीमागे मिळणारी मासळी हा खरा आकडा, आणि त्यासाठी रापणीइतकं चांगलं साधन दुसरं नाही. जाळं ठरलेलं, किनारा ठरलेला, ओढणारी माणसं मोजता येतात. दर ओढीला तारीख, जाळ्याची लांबी, माणसं, आणि बांगडा, तारली, पेडवे किती टोपल्या, एवढं लिहायचं. रिकामी ओढ आली तर तीही. दर टोपलीतले दहा-वीस मासे पट्टीवर ठेवून लांबी लिहिली तर आणखी उत्तम. मासळीच्या किमान आकाराचे नियम राज्यात 2023 पासून आहेत, आणि लहान मासे वाढत गेले तर ते वजनाच्या आकड्यात दिसत नाही, लांबीच्या आकड्यात दिसतं. तारलीसारखा मासा आपल्या आपण काही वर्षं उसळतो, काही वर्षं पार दिसेनासा होतो. म्हणून दोन-तीन हंगामांवरून निष्कर्ष काढू नका. दहा वर्षांची अशी वही हातात असलेली रापणकारांची संस्था मत्स्यव्यवसाय खात्यासमोर वेगळ्या ताकदीनं बोलेल.

खाडीत शिवल्या, तिसऱ्या, मुळे असे शिंपले काढणाऱ्या बायकांचंही तसंच. एका ओहोटीत एका बाईला किती मिळालं, त्यात नखाएवढ्या किती, हे त्यांना रोज कळतं आणि कुणी कधी विचारत नाही. समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं नियम सांगतो. बऱ्याच ठिकाणी त्यांची सही तेवढी घेतली जाते. खाडीची मोजणी त्यांच्या हाती द्या. वाकून, हातानं चिखल चाचपून त्या जे ओळखतात ते माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षभर शिकवूनही जमत नाही.

देवराईत काम सोपं आहे. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे 1.3 मीटरवर, झाडाचा घेर टेपनं मोजायचा. बुंध्याला आधारमुळांच्या भिंती असतील तर त्यांच्या वर. मोठ्या झाडांची नोंद गावकरी हौसेनं करतात, रोपांची करत नाहीत, आणि राईचं पुढचं आयुष्य रोपांत आहे. पाच माणसांच्या कवेत न मावणारे वृक्ष आहेत पण मनगटाएवढ्या जाडीची पोरझाडं जवळजवळ नाहीत, असं घेरांच्या आकड्यांत दिसलं तर त्या राईत नवी पिढी उभी राहत नाही हे समजावं. मग कारण शोधता येतं. गुरं असतील, देवळासमोर घातलेलं काँक्रीट असेल, झरा आटला असेल. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याच्या देवराईतल्या रानजायफळाच्या दलदलीला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जागा तीन हेक्टरही नाही. लहान जागा वाचवता येते, पण तिथे नेमकं काय आहे हे दाखवता आलं पाहिजे.

काही पथ्यं सांगणं मला भाग आहे. खवले मांजर, दुर्मिळ आमरी, धनेशाची ढोली यांची नेमकी जागा सर्वांसाठी खुल्या पानावर लिहू नका. ती वेगळ्या वहीत, समितीच्या ताब्यात ठेवा. तस्करी करणारेही वाचतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या प्राण्यांना पकडणं, खुणा करणं, अंडी हलवणं हे वनखात्याच्या परवानगीशिवाय करायचं नाही. टिटवी आणि चंडोल सड्यावरच अंडी घालतात, तेव्हा मे-जूनमध्ये तिथे पाऊल जपून टाका. नावाबद्दल शंका असेल तर फोटो जोडा आणि ‘ओळख पटलेली नाही’ असं सरळ लिहा. चुकीच्या नावापेक्षा ती नोंद कितीतरी उपयोगाची आहे, कारण पुढे कुणी जाणकार ती दुरुस्त करू शकतो.

सगळं एकदम करू नका, हीही विनंती. उत्साहानं पहिल्या वर्षी वीस गोष्टी मोजायला घेतलेली गावं दुसऱ्या वर्षी थांबतात. गावाला ज्याची काळजी वाटते अशी एकच गोष्ट निवडा आणि ती न चुकता मोजा. सड्याचं गाव असेल तर सडा. खाडीचं असेल तर जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना, जी 1987 पासून आशियाभर दरवर्षी होते आणि तिला तुमची खाडी सहज जोडता येते. रापण असेल तर रापण. मोजणारी माणसं बदलतील, म्हणून पद्धत वहीच्या पहिल्या पानावर अशी लिहा, की आज सातवीत असलेल्या मुलीला दहा वर्षांनी ती वाचून तसंच मोजता यावं.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत समितीनं असा एक ठराव मांडावा, एवढंच माझं मागणं आहे. काय मोजणार, कुठे, कधी, कुणी, आणि पंचायतीच्या निधीतून टेप, सुतळी, पाइप आणि वही यांचा खर्च. ज्या गावांना चौकट कशी लावायची, आकडे कसे मांडायचे हे प्रत्यक्ष पाहायचं असेल त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागाला पत्र द्यावं. आमच्यासारखे शिक्षक आणि मुलं आनंदानं येतील, आम्हालाही शिकवायला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. सड्याची पहिली मोजणी श्रावणात करा. आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवा, शून्यांसकट.

आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका
रत्नागिरी जिल्हा